जुन्या पिकअपचे मिणमिणते दिवे

संपादक महोदय,

टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की माळशेज घाटात रात्रभर पिकअप धावतात. त्यात जीपच्या तोंडवळ्याच्या, गोल दिव्यांच्या जुन्या महिंद्रा गाड्याही असतात. दिवे मिणमिणतात म्हणून मालक सरळ पांढराशुभ्र एलईडी बल्ब कोंबतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो उजेड विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. धुक्यात तर स्वतःलाही पांढऱ्या भिंतीखेरीज काही दिसत नाही.

मी गाड्यांचे वायरिंग करतो. माझ्या अनुभवात दोष बहुधा बल्बचा नसतोच. या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, जुन्या बारीक वायरीतून फिरून जातो. ६० वॉटचे दोन बल्ब म्हणजे सुमारे १० अँपिअर! दिवे लावून बॅटरीवर आणि बल्बच्या होल्डरवर मीटर धरून पाहा. वाटेतल्या वायरीत व्होल्टेज १० टक्के पडले की उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. बॅटरीपासून फ्यूज टाकून जाड वायर, डिपर-अप्परला एकेक रिले (डॅशबोर्डच्या स्विचच्या थोड्या करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंगचा गंज घासून पक्की जोडणी, एवढ्यावर तोच साधा एच-४ हॅलोजन बल्ब लख्ख पेटतो. रिफ्लेक्टरचा मुलामा उडाला असेल तर मात्र तो बदलाच.

आणखी एक. मागे क्रेट भरले की गाडीचे नाक वर होते, दिवे झाडांच्या शेंड्यांवर! म्हणून फोकस भरल्या गाडीवर लावावा. पासिंगला गाडी रिकामी नेतात, तिथे हे कोण बघणार?

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, नारायणगाव (जि. पुणे)