शब्दकोड्यातली खार

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले शब्दकोडे मी आणि माझी सहावीतली नात मिळून सोडवतो. गेल्या खेपेला त्यात एक सूचक होते : झाडावर सरसर चढणारा प्राणी, दोन अक्षरी. तिने लगेच 'खार' लिहिले. मी विचारले, "आणि खार म्हणजे आणखी काय?" ती म्हणाली, "खार म्हणजे खारच, आजी. खारूताई."

मला वाईट वाटले, कारण आमचे कुटुंब घणसोलीचे आहे आणि ती राहते ती इमारत ज्या जमिनीवर उभी आहे, तिला तिचे पणजोबा 'खार'च म्हणत. खाडीच्या भरतीचे पाणी अडवायला मातीचा बांध, बांधाला उघाडी. ओहोटीला ती उघडायची, पावसाचे साठलेले पाणी बाहेर सोडायचे, भरती चढायच्या आत पुन्हा बंद करायची. पहिल्या पावसांनी जमिनीतले मीठ धुऊन निघाले की भात लावायचा, तोही 'रता'सारखा, खारटपणा सोसणारा. "बांध फुटला, खारान पानी शिरला!" अशी हाक रात्री आली की घरातले सगळे पुरुष फावडी घेऊन धावत. माझ्या लहानपणी हा शब्द ऐकला की पोटात गोळा यायचा. पुढे 1970 साली सिडको आली आणि त्यानंतर एकेक खार भरावाखाली गेली. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या पाटीवर शब्द अजून आहे आणि खाडीकाठच्या खारफुटीतही आहे. रोज ऐरोलीच्या पुलावरून जाणाऱ्यांना ती झाडे दिसतात, पण त्यांच्या नावातला 'खार' कोणता, हे किती मुलांना सांगता येईल?

स्वयंपाकघरातही हा शब्द आहे. कैरीच्या लोणच्याला सुटतो तो खार. पापडात घालतात तो पापडखार. पदराला खार लावून कुणाचे तरी काम करणे हेही आपण बोलतो. ही सगळी मंडळी संस्कृत 'क्षार' या शब्दाच्या घरची. मनात ठेवून 'खार खातो' ती मात्र वेगळी. फारसीत 'ख़ार' म्हणजे काटा, तो उर्दू-हिंदीत रुतला आणि आपल्याकडेही आला.

मी 32 वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले. त्यामुळे या शब्दातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आता सांगते. 'खार' लिहा. काना जागच्या जागी ठेवा आणि ख व र यांची अदलाबदल करा. 'राख' होते. आता त्यांची संस्कृत रूपे घ्या. 'क्षार'ची दोन अक्षरे उलटी वाचली की 'रक्षा', आणि राख हा शब्द आला आहे तो याच 'रक्षा'वरून. अक्षरांचा हा योगायोगच, पण पदार्थ म्हणून पाहिले तर दोघांचे नाते पक्के आहे, कारण खार राखेतूनच काढत. सुश्रुतसंहितेत कृती दिली आहे : वनस्पती जाळायची, राख पाण्यात कालवायची, गाळायची आणि ते पाणी आटवायचे. जवखार म्हणजे जवाच्या झाडाच्या राखेचा खार. माझी आई राखेने भांडी घासायची आणि राखुंडीने दात. राखेतला खार तेलकटपणा तोडतो, हे तिला कुणी शिकवले नव्हते. वर्गात मी चुलीतल्या राखेचे पाणी हळदीच्या कागदावर टाकायची. कागद लाल झाला की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा पुढे यायची.

आणि हे फक्त आपल्याकडे नाही. आसाममध्ये केळीची वाळवलेली साल जाळून, तिच्या राखेतून पाणी गाळून घेतात. त्याला खारच म्हणतात आणि त्यात शिजवलेल्या पदार्थालाही खारच. तिथली माणसे स्वतःला अभिमानाने 'खारखोवा', म्हणजे खार खाणारे, म्हणवतात. अरबीत खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या झुडपांच्या राखेला 'अल-कली' म्हणत; इंग्रजीतला 'अल्कली' तोच. इंग्रजी 'पोटॅश' म्हणजे शब्दशः भांड्यातली राख. हंफ्री डेव्हीने 1807 मध्ये या पोटॅशमधून वीज सोडून नवा धातू वेगळा केला आणि त्याला पोटॅशियम म्हटले. जर्मनांनी मात्र 'अल-कली'वरून 'कालियम' नाव घेतले. "बाई, पोटॅशियमची संज्ञा 'के' का?" हा प्रश्न दरवर्षी यायचा, आणि त्याचे उत्तर असे अरबस्तानातल्या राखेत सापडते.

गुजराती वर्तमानपत्रांत मारामारीच्या बातमीत एक वाक्प्रचार नेहमी असतो : 'जुन्या भांडणाचा खार राखीने', म्हणजे मनात डूख धरून. खार आणि राख शेजारी शेजारी! हा 'राख' राखण्यातला, पण तो आणि रक्षा एकाच धातूचे.

एक गोंधळ मात्र मला कायम टोचत आला. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकात 'आम्ल, आम्लारी आणि क्षार' असतात. तिथे क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकत्र आल्यावर तयार होते ते. हिंदी पुस्तकात क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारी आम्लारी, आणि आपल्या क्षाराला ते 'लवण' म्हणतात. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण यात जायचे. पापडखार लाल लिटमस निळा करतो, ही आम्लारीची खूण; म्हणजे बायकांच्या डब्यातला खार हिंदी पुस्तकाशी जुळतो, आपल्या पुस्तकाशी नाही. हे मी वर्गात न चुकता सांगायची.

वडील गेले तेव्हा भटजी 'राख' म्हणाले नाहीत, 'रक्षा' म्हणाले. ती आम्ही खाडीत सोडली. ज्या पाण्याशी ते आयुष्यभर बांध घालून भांडले, त्याच पाण्यात.

माझी विनंती एवढीच, की आपल्या कोडेकारांनी पुढच्या वेळी 'खार'साठी प्राणी सोडून दुसरे सूचक द्यावे. 'खाडीकाठची बांध घातलेली भातजमीन' द्या, 'लोणच्याला सुटतो' द्या. मुलांना येणार नाही, ती घरात विचारतील. नातीने तर जाळीही आखून दिली आहे, सोबत पाठवत आहे. उभा शब्द : खार. त्याच्या 'र'पासून आडवा : रक्षा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, घणसोली, नवी मुंबई