सुलभाताई, तुमचे आभार मानायचे राहून गेले

प्रिय सुलभाताई,

तुम्ही ४ जून २०१६ला गेलात. त्या आठवड्यात शाळा उघडायची धांदल होती, म्हणून हे लिहायचं राहिलं. तुम्ही रंगभूमीवरच्या नावाजलेल्या अभिनेत्री सुलभा देशपांडे, मी एक साधी शिक्षिका; आपली प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही. तरी मी शाळेत नोकरी करता करता नाटक सोडलं नाही, याचं श्रेय तुमचं.

कॉलेजात एकांकिकेच्या निवडीसाठी मी विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाच्या नायिकेचं, बेणारेचं स्वगत पाठ केलं होतं. तेव्हा सगळ्याच मुली ते करायच्या, आणि बहुतेक जणी पहिल्या वाक्यापासून रडायच्या. मीही रडायचेच. मग त्या नाटकावर सत्यदेव दुबे यांनी १९७१ साली केलेला ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हा चित्रपट पाहिला. त्यातली तुमची बेणारे वेगळीच होती. मुळात ही बाई दाराच्या कडीत चिमटलेलं बोट चोखत येते, सामंत नावाच्या माणसाची फिरकी घेते, आपल्या वर्गातल्या पोरांबद्दल तोऱ्यात बोलते. ती आधी एवढी खेळकर असते म्हणूनच पुढे सोबतची नाटकमंडळी तिच्यावर चालवतात तो खोटा खटला अंगावर येतो. आरोपीला बोलायला मिळतात दहा सेकंद, आणि त्यात ती अख्खं आयुष्य बोलून जाते. हे स्वगत लिहायला तेंडुलकर तयार नव्हते, नाटकाचे दिग्दर्शक आणि तुमचे पती अरविंद देशपांडे यांनी हट्टानं लिहून घेतलं, हे नंतर वाचलं. बरं झालं, हट्ट केला.

‘रंगायन’ या नाट्यसंस्थेसाठी १९६७ साली तुम्ही ती पहिल्यांदा उभी केलीत. बेणारे मास्तरीण, आणि दादरच्या छबिलदास शाळेत तुम्हीही मास्तरीणच! खडू धरलेल्या हातानं काम केलं की ते असं होतं, असं मला तेव्हा वाटलं. आजही वाटतं.

१९७१मध्ये तुम्ही आणि अरविंदरावांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढलीत. १९७४पासून छबिलदासच्या त्या छोट्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली. नट आणि प्रेक्षक यांच्यात हातभर अंतर, शिवाय खाली गल्लीत बटाटेवडे. मोठं थिएटर परवडत नाही म्हणून नाटक अडत नाही, हे मी तिथून उचललं. आमच्या शाळेत रंगमंच नाही. बाक भिंतीला सरकवले की झालं काम.

पण खरी मदत झाली ती ‘चंद्रशाला’ची, म्हणजे ‘आविष्कार’च्या मुलांच्या नाट्यविभागाची. मुलांसाठी नाटक म्हणजे चकाकते मुकुट आणि बोबडे संवाद, हा समज तुम्ही मोडलात. ‘दुर्गा झाली गौरी’ या बालनाट्यात पोरांचा केवढा ताफा असायचा, वर्षानुवर्षं! मुलं बदलत गेली, नाटक चालूच राहिलं. गॅदरिंगला चारच हुशार मुलांना घेऊन बाकीच्यांना टाळ्या वाजवायला बसवायचं, हा आमच्याकडचा रिवाज त्यामुळेच मला पटेनासा झाला. आता आमच्या नाटकात अख्खा वर्ग असतो. गोंधळ होतो, पालक कुरकुरतात, मुख्याध्यापक दारातून डोकावून जातात.

पडद्यावर लोकांनी तुम्हाला बहुतेक आईच्या किंवा सासूच्या कामांत पाहिलं. ‘भूमिका’, ‘चौकट राजा’, थेट ‘इंग्लिश विंग्लिश’पर्यंत. कामं छान आहेत, पण सिनेमानं तुम्हाला पुरेसं वापरलं नाही हे माझं मत कायम आहे. १९८७मध्ये अरविंदराव गेले. त्यानंतर तुम्ही आणि ‘आविष्कार’मधले तुमचे सहकारी अरुण काकडे, म्हणजे काकडेकाका, यांनी संस्था बंद पडू दिली नाहीत. मला हे कुठल्याही भूमिकेपेक्षा अवघड वाटतं. त्या वर्षांत तुम्हाला किती वेळा ‘पुरे आता’ वाटलं असेल!

यंदा सातवीच्या एका मुलीला नाटकात काम नको होतं. तिला फक्त पडदा ओढायचा होता. दिला. तालमीला सगळ्यांच्या आधी तीच हजर असते, आणि आता इतरांचे संवादही तिलाच पाठ आहेत. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं.

मनापासून आभार.

तुमची,
एक मास्तरीण