अकरा डब्यांतील स्लाइड

पुणे

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीत रत्नागिरीहून निघताना बाबांनी माझ्या स्वाधीन केलेल्या ११ डब्यांतील, प्रोजेक्टरवर पाहायच्या पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या सर्व फिल्म स्लाइड आता संगणकात आल्या आहेत. शेवटचा डबा काल रात्री संपला. प्रत्येक डब्यात ३६ या हिशेबाने ३९६ स्लाइड असायला हव्या होत्या, प्रत्यक्षात ३८८ निघाल्या. उरलेल्या आठ बहुधा वर्गात दाखवण्यासाठी कॉलेजात नेल्या गेल्या असाव्यात. त्या कोणत्या होत्या हे बाबांनी सवडीने आठवून पाहावे. फोनवर हे सारे नीट सांगता येत नाही आणि बाबांना ऐकण्याचा त्रास होतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल करायला हवी. सुरुवातीला मी २४ स्लाइड येथील एका दुकानात दिल्या होत्या. त्यांनी केलेल्या प्रतिमा हाती आल्या तेव्हा अंगणात पापड वाळत घालणारी आजी पाहून मला काहीतरी खटकले, पण काय ते चटकन कळेना. मग लक्षात आले की नऊवारीचा पदर तिच्या उजव्या खांद्यावर आहे आणि नथ उजव्या नाकपुडीत. स्लाइड उलट्या बाजूने स्कॅन केली होती. स्लाइडची एक बाजू चकचकीत असते आणि दुसरी, जिच्यावर चित्राचा थर असतो ती, थोडी निस्तेज असते. दिव्याखाली तिरपी धरली तर त्या बाजूवर, विशेषतः कोडाक्रोम या अमेरिकन रंगीत फिल्मच्या स्लाइडवर, चित्राचे उंचवटे पुसटसे दिसतात. एवढे पाहण्याचे कष्टही तेथे कोणी घेतले नव्हते. शिवाय चारी कडा कापल्या होत्या आणि आभाळ नुसते पांढरे केले होते. ज्यांनी आजीला पाहिलेले नाही त्यांच्या हाती हे काम देण्यात अर्थ नाही, असे मला त्या दिवशी वाटले, आणि पुढचे सर्व घरीच करायचे ठरवले.

घरी करण्याचे दोन मार्ग माझ्यापुढे होते. एका मैत्रिणीकडे पारदर्शक फिल्म स्कॅन करता येईल असा सपाट स्कॅनर आहे. त्यात एका वेळी चार स्लाइड बसतात. धूळ आणि ओरखडे आपोआप पुसण्याची सोयही त्यात आहे. तो स्कॅनर साध्या प्रकाशाबरोबर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरणही फिल्ममधून सोडतो. फिल्मच्या रंगांतून ते किरण आरपार जातात, धुळीपाशी अडतात, आणि त्यावरून यंत्राला धूळ ओळखता येते. परंतु काका अमेरिकेहून आणत असत त्या कोडाक्रोमच्या स्लाइडवर ही युक्ती नीट चालत नाही, कारण त्या फिल्मचे रंग अवरक्त किरणही काही प्रमाणात अडवतात आणि मग यंत्र चित्रातल्या रेषांनाच धूळ समजून पुसू लागते. आपल्या ११ डब्यांपैकी सात कोडाक्रोमचे आहेत. म्हणून मी दुसरा मार्ग धरला आणि माझ्याच कॅमेऱ्याने प्रत्येक स्लाइडचे छायाचित्र घेतले.

बाबा, तुम्हाला यात रस वाटेल म्हणून मांडणी सांगते. जेवणाच्या टेबलावर आपला जुना पाट, त्यावर पांढऱ्या प्रकाशाचा सपाट एलईडी दिवा, त्याच्या चार बोटे वर काळ्या पुठ्ठ्याची चौकट आणि त्या चौकटीत स्लाइड. दिव्याच्या पृष्ठभागावरची धूळ चित्रात स्पष्ट उमटू नये म्हणून एवढे अंतर ठेवले. वर तिपाईला खाली तोंड करून लावलेला कॅमेरा आणि अगदी जवळून चित्र घेणारे मॅक्रो भिंग. कॅमेरा स्लाइडला बरोबर समांतर नसेल तर एक कोपरा धूसर येतो. तो समांतर करण्यासाठी स्लाइडच्या जागी एक छोटा आरसा ठेवायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचे. भिंगाचे प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत तिपाई हलवत राहायचे. पहिल्या दिवशी यातच माझा तास गेला, पुढे सवय झाली. प्रकाशाची संवेदनक्षमता आयएसओ १००, भिंगाचे छिद्र एफ ८, सर्व काही हाताने ठरवलेले, आणि हाताचा धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. खोलीतले दिवे बंद ठेवायचे, कारण स्लाइडच्या चकचकीत बाजूवर प्रतिबिंब पडते, आणि पंखाही बंद ठेवायचा. २४ गुणिले ३६ मिलिमीटरच्या त्या एवढ्याशा तुकड्यातून सुमारे २ कोटी ४० लाख बिंदूंची प्रतिमा मिळते. भगवती बंदराच्या स्लाइडमध्ये किनाऱ्यावरच्या होड्यांची दोरखंडे मोजता येतात.

खरा वेळ गेला तो स्वच्छतेत. प्रत्येक स्लाइडवर आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश. बोटे फक्त पुठ्ठ्याच्या कडेला. नवव्या डब्यातल्या ३१ स्लाइडवर मात्र बुरशी आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तिचे तंतू आभाळात पसरलेले दिसतात. कोकणच्या दमट हवेत हे व्हायचेच, कारण फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो आणि बुरशीचे ते खाद्य आहे. आई, तुला एक विनंती आहे. माळ्यावरच्या बाराव्या डब्यात असे काही दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नकोस. बुरशीने पोखरलेले जिलेटिन पाण्यात विरघळते आणि चित्रच फडक्याला लागून येते. त्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्याही काढून टाक. त्यांची वाफ फिल्मला चांगली नसते. त्याऐवजी मी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या पाठवते आहे, त्या ठेव. बुरशी मी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या बोळ्याने, हलक्या हाताने जितकी निघाली तितकीच काढली; उरली ती राहू दिली.

रंगांविषयी जे दिसले ते मात्र मला अनेक दिवस पुरले. पूर्व जर्मनीत वोल्फेनच्या कारखान्यात बनलेल्या ओर्वो फिल्मचे चार डबे आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक स्लाइड अंधारात बंद राहूनही तांबूस झाल्या आहेत. माडांची झावळीसुद्धा विटेच्या रंगाची दिसते. कोडाक्रोमच्या घरगुती स्लाइड मात्र काल धुऊन आल्यासारख्या आहेत. माझ्या बारशाच्या दिवशी आईने नेसलेली मोरपंखी पैठणी, तिचा जरीकाठ, पाळण्याला बांधलेली झेंडूची माळ, सगळे जसेच्या तसे. परंतु त्याच कोडाक्रोमवर बाबांनी घेतलेल्या आंब्याच्या मोहराच्या आणि खारफुटीच्या मुळांच्या स्लाइड फिकट पडल्या आहेत. कारण शोधल्यावर कळले की कोडाक्रोमचे रंग अंधारात फार टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रखर प्रकाशात इतर फिल्मपेक्षा लवकर उडतात. बाबा, त्या स्लाइड तुम्ही दर वर्षी वर्गात दाखवल्यात. प्रत्येक तुकडीने त्या पाहिल्या आणि थोडा थोडा रंग त्या पाहण्यातच खर्च झाला. मला त्याचे वाईट वाटत नाही. त्या ज्यासाठी काढल्या त्याच कामी आल्या.

तांबूस झालेल्या स्लाइडचे रंग मी संगणकावर बेताने सुधारले आहेत. मूळ प्रतिमा, जशी कॅमेऱ्यात आली तशी, वेगळी जपून ठेवली आहे. हल्ली चेहरे आपोआप नितळ करणारी साधने मिळतात. ती मी वापरली नाहीत. एका स्लाइडवर ते करून पाहिले, तेव्हा आजीच्या हनुवटीवरचे गोंदण पुसले गेले. ती प्रत मी लगेच काढून टाकली.

आता जे मला एकटीला करता येणार नाही त्याविषयी. कोडाक्रोमच्या चौकटींवर महिना आणि वर्ष छापलेले आहे, पण तो फिल्म धुतल्याचा महिना आहे, चित्र काढल्याचा नव्हे. गुढी उभारलेल्या एका स्लाइडवर ऑगस्ट १९७९ असा शिक्का आहे, कारण काढलेले रोल काका परत जाताना बरोबर नेत असत आणि ते तिकडे धुतले जात. मग ती गुढी १९७९ ची की आदल्या वर्षीची? बाबा, तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही, जिच्यात तुम्ही प्रत्येक रोलची नोंद ठेवत होतात, ती सापडली तर निम्मे प्रश्न सुटतील. प्रत्येक प्रतिमेला मी डब्याचा आणि स्लाइडचा क्रमांक दिला आहे. ०४-२२ मध्ये खळ्यावर भात पाखडणारी बाई कोण? ०६-०९ मध्ये एसटीच्या टपावर सामान चढवणारे ते मामाच आहेत ना? आई, ही माणसे तुलाच ओळखू येतील.

आणखी एक गोष्ट मला मोजल्यावरच कळली. ३८८ स्लाइडपैकी बाबा फक्त सातांमध्ये आहेत, आणि त्या सातही, आई, तूच काढलेल्या असणार. पाचव्या डब्यातल्या एकीत बाबा विहिरीच्या काठावर पंचा गुंडाळून बसले आहेत आणि कॅमेऱ्याकडे पाहून मनापासून हसत आहेत. चित्राच्या खालच्या कडेला तुझी सावली पडली आहे, अंबाड्यासकट. दुकानातल्या लोकांनी हीच कड कापली होती. मला ती स्लाइड या सगळ्यांत जास्त आवडली, आणि तिची मोठी प्रत काढून मी तुमच्यासाठी चौकटीत बसवायला दिली आहे.

सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये टीव्हीवर दिसतील अशा प्रती आहेत. तो टीव्हीच्या मागच्या खाचेत लावला की रिमोटने एकेक प्रतिमा पुढे नेता येते. शेजारचा मुलगा पहिल्यांदा लावून देईल. मूळ प्रतिमांची एक हार्ड डिस्क माझ्याकडे आहे, दुसरी तुमच्या कपाटात राहील, आणि तिसरी प्रत मी इंटरनेटवरच्या साठ्यात ठेवली आहे, म्हणजे एखादे यंत्र बिघडले तरी सर्व काही जाणार नाही. मूळ स्लाइड कोणालाही देऊ नका आणि टाकूनही देऊ नका. कोडाक्रोम बनवणे २००९ मध्ये थांबले, आणि ती धुणाऱ्या जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेनेही २०१० च्या अखेरीस तिचे रोल घेणे बंद केले. तेव्हा आपल्याकडे आहेत त्याच काय त्या.

बाराव्या डब्यासाठी बाबांनी शिडीवर चढू नये. तो कुरिअरनेही पाठवू नका. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी येते आहे, तेव्हा मीच खाली काढेन, आणि पाट, दिवा, कॅमेरा बरोबर आणेन. ओटीवर रात्री मांडणी करू. बाबांनी स्लाइड चौकटीत ठेवायच्या आणि आईने नावे सांगायची. मी लिहून घेईन. तोपर्यंत वही तेवढी शोधून ठेवावी.

कळावे.

तुमची
धाकटी