फील्ड टेस्टच्या खोलीतल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मी तो माणूस, जो डोळ्याच्या फील्ड टेस्टला (नजर आजूबाजूला कुठवर पोचते ते पाहायची तपासणी, ठिपका दिसला की बटण दाबायचं) खोटंखोटं बटण दाबत होता.

एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, समोर तो पांढरा घुमट, आणि कितीतरी वेळ एकही ठिपका दिसेना. परीक्षेत नापास होतोय असं वाटून मी अंदाजानं बटण दाबत सुटलो. तुम्ही मशीन थांबवलंत. आता ओरडा बसणार, असं वाटलं. तुम्ही स्टूल ओढून शेजारी बसलात. म्हणालात, "काका, हे मशीन मुद्दाम इतका मंद दिवा दाखवतं, की चांगल्या डोळ्यालाही बरेचदा दिसत नाही. नाही दिसला तर नाही दाबायचं. यात चूक काही नाही."

बाहेर रांग होती, तरी टेस्ट पहिल्यापासून घेतलीत. (बावन्नाव्या वर्षी 'काका' ऐकून एरवी राग येतो. त्या दिवशी नाही आला.)

या वेळी खरं चित्र निघालं: नाकाच्या बाजूला, वरच्या भागात कमानीसारखा काळा पट्टा. ओपन अँगल काचबिंदू.

आधी दोन वर्षं मी दुसरीकडे दाखवत होतो. डोळ्यातलं प्रेशर 18, म्हणजे 21 च्या आत, म्हणून मी 'नॉर्मल'. उणे 7 चा चष्मा, पन्नाशी उलटलेली, आईची नजर काचबिंदूनंच गेलेली, धोक्याच्या खुणा सगळ्या होत्या. आईचं विचारलं असतं तर सांगितलं असतं, विचारलंच नाही. कॉर्नियाची, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, जाडीही कुणी मोजली नाही. ती साधारण 540 मायक्रॉन असते, माझी 490 निघाली. पातळ कॉर्नियावर प्रेशर असतं त्यापेक्षा कमी भरतं, हे मला आत्ता कळलं. तिथल्या डॉक्टरांना ठाऊक असणारच. फील्ड टेस्ट तिथंही झाली होती. तिथंही मी असाच बटण दाबत होतो. मला अंधारात बसवून माणूस फोनवर बोलायला बाहेर गेला होता.

आणि या दुखण्याची खोड अशी, की ते दुखतच नाही. डोळा लाल होत नाही. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायचा कोपरा उघडाच असतो, आतली जाळी मात्र हळूहळू तुंबत जाते. मधली नजर शेवटपर्यंत टिकते, म्हणून तक्त्यावरची बारीक अक्षरंही मी घडाघडा वाचायचो. एका डोळ्याचं गेलेलं दुसरा झाकून घेतो. माझं गेलं ते परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उरलेलं राखायचं आहे.

तुमच्याकडे मशीन तेच, खोली तशीच अंधारी. फरक त्या स्टुलाचा. समोरचा घाबरलाय हे ओळखून दोन मिनिटं शेजारी बसणारी माणसं अजून आहेत, एवढ्यानंही मला त्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं.

रात्रीचा ड्रॉप चुकवत नाही. धाकट्या बहिणीलाही तपासून घ्यायला लावलं. सहा महिन्यांनी पुन्हा टेस्टला येतोय. दिसलं नाही तर दाबणार नाही.

तुमचा,
बटणवाला काका