आधी डोळा दाखव

येवला,
रविवार, रात्री

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर माझा आवाज चढला. तू "ठेवते बाबा" म्हणालीस आणि ठेवलास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून लिहायला बसलो. डोळ्याचा विषय काढायचा नाही असंही ठरवलंय.

मालिकेत तुझं काम वाढलं म्हणून कोपरगावच्या आत्याने गल्लीभर पेढे वाटले. जिन्यावरचा तुझा तो सीन मी किती वेळा पाहिला ते आईला विचार. पण भांडणाच्या सीनमध्ये समोरच्याचा हात खरोखरच लागला, हे मला आत्याकडून कळावं? आम्हाला तू स्टुलाला आपटल्याचं सांगितलंस. बुधवारच्या भागात तू सारखी उजव्या बाजूनेच दिसत होतीस. आईच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं. डावाच ना गं?

बघ, काढलाच विषय.

आजी रविवारी सकाळी 'रामायण' बघायची ते तुला ऐकून माहीत आहे. १९८७ साल, मी तेव्हा नुकता मागावर बसायला लागलो होतो. टीव्ही शेजाऱ्यांचा, उदबत्ती आजीची. मंथरा आली की आजी उदबत्ती बाजूला सरकवायची आणि बोटं मोडायची. मग नानांनी एकदा सांगितलं, "अगं, ती ललिता पवार. आपल्या येवल्याची." त्या दिवसापासून आजीचं सगळं पालटलं. १९१६ साली इथे जन्मलेली अंबा सगुण, रेशमाच्या व्यापाऱ्याची लेक, ही गोष्ट ती मग जो येईल त्याला सांगायची. शिव्या मंथरेला आणि कौतुक अंबाचं, असं शेवटपर्यंत चाललं.

लहानपणीच मूकपटात उभी राहिली ती. वयाची विशी ओलांडायच्या आत नायिका होती, पडद्यावर गायची, 'कैलास' नावाच्या चित्रपटाच्या निर्मितीतही तिचा हात होता. आणि मग १९४२ साल. 'जंग-ए-आझादी'चं चित्रीकरण, सीनमध्ये थोबाडीत मारायची होती. समोर भगवानदादा. हात जोरात बसला. डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. उपचार तीन वर्षं चालले म्हणतात, तरी तो डोळा कायमचा बारीक झाला. मारणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तुझ्या सीनमधल्या मुलाच्याही नसेल. मी त्याला दोष देत नाही, पण डोळ्याला त्याने काय फरक पडतो?

हे सांगून तुला घाबरवायचं, असंच मनात होतं, खोटं कशाला बोलू. म्हणणार होतो की बघ, एका थपडेत नायिका संपली, तू परत ये, इथे पुष्कळ काम आहे. पण लिहिता लिहिता तिचंच पुढचं आठवत गेलं. १९४४ च्या 'रामशास्त्री'त ती आनंदीबाई होती. 'ध' चा 'मा' करणारी बाई त्या नजरेतून जशी दिसली, तशी सरळ डोळ्यांतून दिसली नसती. सासवा तर तिने इतक्या केल्या की घराघरात खाष्ट बाईला तिचं नाव पडलं. पण 'श्री ४२०' मधली केळीवाली गंगामाई आठव. 'अनाडी'तली मिसेस डिसा आठव, वरून कातावणारी, आतून त्या पोरासाठी तुटणारी. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. १९६१ ला संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार. मला त्या बाईचा अभिमान वाटतो, आणि तुझाही वाटतो, आणि दोन्हींच्या आत भीती बसलेली आहे. ती कशी उपसून काढू?

तू म्हणालीस, "एक दिवस सुट्टी घेतली तर माझ्या जागी दुसरी उभी राहील. हा ट्रॅक संपू दे, मग जाते डॉक्टरांकडे." मुक्ता, हे वाक्य मी या घरात आधी ऐकलंय. नाना म्हणायचे, "हा पदर उतरू दे, मग दाखवतो." पदरावरच्या मोराच्या मानेतली जर त्यांना दिसेना झाली तरी ते बोटांच्या सवयीवर विणत होते. एक पदर उतरला की दुसरा चढायचा. काचबिंदू होता. दुखत नाही, म्हणून कळत नाही. पमीची पैठणी त्यांची शेवटची, आणि तिच्यातले दोन मोर मी विणलेत, हे पमीला अजून माहीत नाही. तेव्हा मी त्यांना हात धरून तपासायला न्यायला हवं होतं. नेलं नाही. हंगाम होता.

पुन्हा शिकवायला लागलो. माफ कर. तुझं काम तुला कळतं, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. नोकरी सोड म्हणत नाही. परत ये म्हणत नाही. पण नुसता चष्म्याच्या दुकानात नंबर काढून येऊ नकोस. डोळ्यांच्या डॉक्टरांना सांग, मार लागलाय, थेंब टाकून आतला पडदा तपासा. वीज चमकल्यासारखं दिसत असेल, काळे ठिपके तरंगत असतील, एका कोपऱ्यात सावली येत असेल तर त्याच दिवशी जा, शिफ्ट असो नसो. थेंबांनी काही तास धूसर दिसतं, म्हणून कुणाला तरी बरोबर ने.

आणि फोन उचलत जा. ललिताबाई १९९८ च्या फेब्रुवारीत पुण्यात औंधच्या घरी वारल्या. यजमान इस्पितळात, घरात त्या एकट्या. मुलाने केलेला फोन कुणी उचलला नाही, तेव्हा कळलं. पेपरात ते वाचलं तेव्हा तू जन्मायची होतीस. हल्ली तुझी रिंग वाजून वाजून बंद होते, तेव्हा मला नेमकं तेच आठवतं. रात्री दोनला पॅकअप झालं तरी एक शब्द टाक. मी जागाच असतो.

शुक्रवारी आत्याचा मुलगा मुंबईला येतोय. त्याच्याबरोबर आईने तुझ्यासाठी डिंकाचे लाडू आणि ती निळी शाल दिली आहे. पाकिटात तीन हजार ठेवलेत, ते डॉक्टरांचे, भाड्यात घालू नकोस. त्याला शनिवारी सुट्टी आहे, तो तुझ्याबरोबर येईल, मी बोललोय त्याच्याशी. तपासून झालं की चिठ्ठीचा फोटो पाठव. आईला नको, मला पाठव.

तुझे,
बाबा