सोफियातल्या दुसऱ्या डावासाठी आभार

आदरणीय विश्वनाथन आनंद सर,

सादर नमस्कार.

तुमच्या पाच विश्वविजेतेपदांबद्दल तुम्हाला भरपूर पत्रं आली असतील. माझं हे पत्र मात्र तुम्ही हरलेल्या एका डावाबद्दल आहे.

मी मुलांना बुद्धिबळ शिकवतो. गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थिनीने पाठ असलेल्या ओपनिंगमध्ये चालींचा क्रम चुकवला आणि डाव घालवला. सकाळी पुढच्या फेरीला बसायलाच ती तयार होईना. माझं सगळं समजावून झालं, तेव्हा मी पट मांडला आणि २४ एप्रिल २०१० चा तुमचा डाव लावला.

बल्गेरियातलं सोफिया, विश्वविजेतेपदाच्या लढतीचा पहिला डाव, समोर बल्गेरियाचाच टोपालोव. ज्वालामुखीच्या राखेमुळे विमानं बंद, म्हणून तुम्ही फ्रँकफर्टहून जवळजवळ ४० तास गाडीने आलेले. तीन दिवसांची मुदत मागितलीत, मिळाला एक दिवस. ग्रुनफेल्ड बचाव या ओपनिंगमध्ये २३व्या चालीला तुमचा राजा एफ-७ या घरात गेला. तयारीतला क्रम चुकला होता. टोपालोवने एफ-६ वर घोडा दिला आणि ३० चालींत खेळ आटोपला.

ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दुसऱ्या दिवशी काय केलं त्यांनी?”

सर, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या डावात, तुम्ही कॅटलान ओपनिंग खेळलात आणि जिंकलात. तो डाव आम्ही दोनदा बघितला. मग शेवटचा, बारावा डावही. साडेपाच-साडेपाच गुणांची बरोबरी, तुमच्याकडे काळे मोहरे. टोपालोवने ई-४ वरचं प्यादं खाल्लं, त्याच्या राजाकडे जाणारा कर्ण मोकळा झाला आणि तुमचा वजीर आत शिरला. ही जागा मी आजवर कितीदा मांडली असेल, तरी हात थरथरतो.

२०१३ मध्ये चेन्नईत, घरच्या माणसांसमोर, नॉर्वेच्या मॅग्नस कार्लसनने किताब नेला. त्यानंतर चारच महिन्यांत तुम्ही रशियातल्या खांती-मानसिस्कला कँडिडेट्स, म्हणजे आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा, जिंकलीत आणि त्याच वर्षी पुन्हा त्याच्यासमोर बसलात. हेही मी तिला सांगितलं, पण तोवर ती बूट घालत होती.

त्या फेरीत तिने चार तास खेळून बरोबरी साधली. पटावरून उठल्यावर तिने मला निकाल सांगितला नाही, आधी विचारलं, “पुढची फेरी किती वाजता?”

मनापासून आभार, सर.

आपला,
एक बुद्धिबळ शिक्षक