रूममेटने दिलेली गोळी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, पाळीत पोट फार दुखत होतं, रूममेटने गोळी दिली, तासाभरात बरं वाटलं. मला मात्र रात्री झोप लागली नाही. ती बहुतेक मेफेनॅमिक ॲसिडची असणार, आणि तुला दमा आहे.

मावशीच्या लग्नात तू तिसरीत होतीस. माझं डोकं ठणकत होतं म्हणून मी कुणाकडून तरी ॲस्पिरिन घेतली. आधी नाक वाहायला लागलं, डोळे लाल झाले, आणि पहिली पंगत उठायच्या आत मला एक वाक्यही सलग बोलता येईना. दवाखान्यात नेब्युलायझर लावला, ऑक्सिजन लावला. तीच गोळी मला तिशीपर्यंत बिनघोर चालायची गं! डॉक्टरांनी विचारलं, नाकात मांस वाढलंय का, वास येतो का? मांस वाढलेलं होतं, आणि वास तर दोन वर्षं येत नव्हता. दमा, नाकातलं मांस आणि असल्या गोळ्या बाधणं, ही तिन्ही दुखणी अनेकदा एकत्र येतात, हे तेव्हा कळलं.

ॲस्पिरिन, मेफेनॅमिक अशा या गोळ्या दुखणं थांबवायला शरीरातलं एक एन्झाइम अडवतात. काही दमेकऱ्यांत त्यामुळे ल्युकोट्राइन नावाची रसायनं वाढतात आणि श्वासनलिका आवळतात. दमा असलेल्या मोठ्या माणसांत शंभरात साधारण ७ जणांना असं होतं, दमा तीव्र असेल तर जास्त. म्हणजे तुला कदाचित कधीच काही होणार नाही. पण माझी मुलगी आहेस, म्हणून आधी छातीच्या डॉक्टरांना विचार.

तोवर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, मेफेनॅमिक यातलं काही नको. एक बाधली की बाकीच्याही बाधू शकतात. पट्टीची मागची बाजू वाचत जा. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉल असतं तसं आयब्युप्रोफेनही असतं. नुसती पॅरासिटामॉल ५०० दमेकऱ्यांना सहसा चालते. पाळीच्या कळांना ती कमी पडते, मला ठाऊक आहे. गरम पाण्याची पिशवी कुरियरने पाठवतेय.

आणि कुठलीही गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत नाक गळू लागलं, छाती भरली, तर पंप घे, रूममेटला उठव. पंपाने उतार पडला नाही तर १०८ लावा. माझ्या फोनची वाट बघू नकोस.

पर्समध्ये ज्या ज्या पट्ट्या असतील, त्यांचे मागून फोटो काढून आज रात्री पाठव.

तुझी,
आई